पाटी म्हणजे कुलूप नव्हे

कर्जत तालुक्यातील कोपर्डी येथे जुलै २०१६ मध्ये घडलेल्या अमानुष कृत्याने सारा महाराष्ट्र हादरला. अहमदनगरच्या सत्र न्यायालयाने २९ नोव्हेंबर २०१७ रोजी तिघांना फाशीची शिक्षा सुनावली. हा खटला गावाच्या नावाने ओळखला जातो, त्या मुलीच्या नावाने नव्हे. आणि तेच उचित होय. अत्याचारग्रस्त बालकाचे नाव वा छायाचित्र विशेष न्यायालयाच्या अनुमतीवाचून प्रसिद्ध करण्यास २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्याने मनाई केली आहे. मृत्यूनंतरही हा संकोच पाळलाच पाहिजे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला.

परंतु कायद्याचा हात छापखान्यापर्यंत जितक्या सहज पोहोचतो, तितका इंटरनेटच्या शोधयंत्रापर्यंत पोहोचत नाही. वृत्तपत्राचा अंक दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो. संकेतस्थळावर चढविलेले छायाचित्र मात्र वर्षानुवर्षे कोणाच्याही हाती लागू शकते. पानांमागून पाने धुंडाळून चित्रे टिपणाऱ्या यंत्राला, कोणते चित्र दाखविणे गुन्हा आहे, हे कसे कळावे?

यावर उपाय नाहीत असे नव्हे. ‘या भागात येऊ नये’ असे शोधयंत्रांना सांगणारी ‘रोबोट्स’ नावाची छोटी फाईल संकेतस्थळावर ठेवण्याचा प्रघात १९९४ पासून आहे. पण ती केवळ विनंती आहे. ती सुरक्षेची जागा घेऊ शकत नाही, असे २०२२ साली ठरलेले तिचे मानकच बजावते. ‘हे पान यादीत घेऊ नये’ अशी दुसरी सूचना पानावरच देता येते. मात्र ज्या यंत्राला दारातच अडविले, त्याला आतली पाटी दिसणार कशी? त्याहून मोठी चूक म्हणजे पानाला परवलीचा शब्द लावायचा आणि छायाचित्राच्या फाईलचा स्वतंत्र पत्ता उघडाच ठेवायचा. पुढचे दार बंद, मागचे सताड उघडे, असा हा कारभार.

म्हणूनच कुलूप हवे ते प्रत्यक्ष छायाचित्राच्या फाईलला. अनवधानाने बाहेर पडलेले चित्र मुळातून काढावे आणि शोधयंत्राकडे उरलेली त्याची प्रतही काढून टाकण्याची मागणी करावी. हे काम केवळ वृत्तपत्रांचे नाही. निराधार बालकांची ओळख उघड करण्यास २०१५ च्या बालन्याय कायद्यानेही बंदी घातली आहे. तेव्हा आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील बालगृहांनी व सेवाभावी संस्थांनी आपली संकेतस्थळे एकदा तपासून पाहावीत. वृत्तपत्रांनीही आपले जुने अंक त्याच कठोरपणे चाळावेत.

चेहरा दिसल्यावाचून समाजाचे मन द्रवत नाही, हा युक्तिवाद फोल आहे. २०१६ मध्ये लाखो लोक मूक मोर्चांत उतरले ते अन्यायाच्या जाणिवेने. त्यासाठी कोणाच्या छायाचित्राची गरज नव्हती. ज्या मुलीला जिवंतपणी आपण संरक्षण देऊ शकलो नाही, तिचा चेहरा बाजारात मांडला जाऊ नये, एवढे तरी पाहणे आपल्या हाती आहे.