आण दुसरी!

जर्मनीत बॉनच्या संग्रहालयात मार्कस कायलियस नावाच्या रोमन सेंच्युरियनची स्मृतिशिळा आहे. इ. स. ९ मध्ये जर्मन टोळ्यांनी रोमच्या तीन पलटणी कापून काढल्या, त्यात हा साडेत्रेपन्न वर्षांचा गडी पडला. शिळेवर तो छातीभर पदके मिरवीत उभा आहे, माथ्यावर पानांचा मुकुट आहे, पण हातात शस्त्र नाही. आहे ती काठी, द्राक्षवेलीची. रोमन फौजेत सेंच्युरियन ओळखायचा तो या काठीवरून.

पाच हजारांच्या आसपास शिपाई असलेल्या लीजनचा सेनापती लेगेट. त्याच्या हाताखाली सहा ट्रिब्यून. ही मंडळी बड्या घरची, काही वर्षे छावणीत काढून पुढच्या पदाकडे निघणारी. रोजचा गाडा ओढायचा तो सेंच्युरियनने. त्याच्या तुकडीचे नाव ‘सेंच्युरी’, म्हणजे शेकडा, पण माणसे ऐंशीच: आठ जणांचा एक तंबू, असे दहा तंबू. मदतीला तिघे. ऑप्टिओ लढाईत रांगांच्या मागे उभा राहून कोणाचा पाय मागे पडत नाही ना, ते पाही. सिग्निफर निशाण धरी आणि शिपायांच्या साठवलेल्या पैशांचा हिशेबही ठेवी. टेसेरारियस रात्रीच्या पहाऱ्याचा परवलीचा शब्द पाटीवरून पोहोचवी.

या तिघांखाली साधा शिपाई. लढाई कधीमधी, खंदक खणणे, दगड फोडणे, रस्ते बांधणे मात्र रोजचेच. त्यामुळे अंगमेहनतीतून सुटका करणारा कोणताही हुद्दा सोन्याच्या मोलाचा. इ. स. १०७ मध्ये ज्युलियस अपोलिनारिस या तरुण शिपायाने इजिप्तमधल्या आपल्या वडिलांना लिहिलेले पत्र सापडले आहे. बाकीचे दिवसभर दगड फोडतात आणि मी हुद्देदार म्हणून काही न करता हिंडतो, असे सांगून तो देवाचे आभार मानतो. कारकुनी मिळाली, लेखणी हाती आली आणि पोराची पहार सुटली!

लेखणी न येणाऱ्याला सुटका विकत घ्यावी लागे, आणि विकणारा असे सेंच्युरियन. इतिहासकार टॅसिटसने हा बाजार उघडा करून ठेवला आहे. तुकडीतले चौथाई शिपाई एक तर रजेवर, नाही तर छावणीतच रिकामे भटकत. सेंच्युरियनच्या हातावर पैसे ठेवले की झाले. पैसे आणले कोठून, चोरी करून की वाटमारी करून, याची विचारपूस नाही. एखादा शिपाई पैसेवाला आहे असे कळले, की त्याला कामाला जुंपून आणि छळून असा पिळायचा, की त्याने मुकाट्याने रजा विकत घ्यावी. रजा संपून परते तेव्हा तो कफल्लक झालेला असे, वर कामाची सवयही मोडलेली.

इ. स. १४ मध्ये सम्राट ऑगस्टस वारला आणि डॅन्यूबकाठच्या पॅनोनियात तीन लीजन बिथरल्या. दिवसाला दहा आस हा पगार. त्यातूनच कपडे, हत्यारे, तंबू, आणि त्यातूनच सेंच्युरियनची मर्जी, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. त्या दंग्यात ल्युसिलियस नावाचा सेंच्युरियन मारला गेला. शिपायांनी त्याचे नावच ‘आण दुसरी’ असे पाडले होते. कोणाच्या पाठीवर काठी मोडली, की तो मोठ्याने दुसरी मागवी, मग तिसरी.

दंगा मोडला, बाजार चालूच राहिला. पंचावन्न वर्षांनी, इ. स. ६९ मध्ये, सैनिकांच्या जोरावर ओथो गादीवर बसला आणि त्या सैनिकांनी मागणी केली: हा रजेचा भुर्दंड बंद करा. ओथो पेचात सापडला. शिपायांना नाराज करावे तर गादी जाते. सेंच्युरियनचे खाणे तोडावे तर ज्यांच्यावर फौज उभी, तेच उलटतात. त्याने तोड काढली: रजेचे पैसे शिपायाने देऊ नयेत, सेंच्युरियनला ते दरसाल सम्राटाच्या खजिन्यातून मिळतील. टॅसिटसला हा निर्णय शहाणपणाचा वाटला, आणि पुढच्या चांगल्या सम्राटांनीही तो पाळला, असे तो नोंदवतो.

शिपायाचा खिसा वाचला, हे खरेच. त्या काळी तेवढेही थोडे नव्हते. पण लाच थांबली नाही, तिला सरकारी खर्चात जागा मिळाली. काठीवाल्याच्या मिळकतीतले एक नाणेही कमी झाले नाही. उलट ती वसूल करण्यासाठी काठी उगारण्याचे कष्टही आता त्याला उरले नाहीत.