कुलूप लावण्याआधी दुसरी किल्ली



संगणक मंदावला किंवा त्यात व्हायरस शिरला, की आपल्याकडे एक ठरलेला उपाय सांगतात : "फॉरमॅट मारा आणि नवीन विंडोज टाका." बहुधा डिस्कचा 'सी' भाग तेवढा पुसला जातो आणि 'डी' भागातल्या फाइली जशाच्या तशा राहतात. मग चिंता कसली?

पण समजा, तुमच्या ताईने आपल्या प्रकल्पाच्या फाइली 'डी' भागात ठेवून त्यांना विंडोजचेच सांकेतिक कुलूप लावले होते. ही सोय 2000 सालच्या विंडोजपासून आहे. नवी विंडोज आल्यावर फाइलींची नावे दिसतात, आकारही दिसतो. पण उघडायला जावे तर संगणक नकार देतो. नाव तेच, पासवर्डही तोच, तरीही नकार! असे का व्हावे?

यात तीन पेट्या आहेत, अशी कल्पना करा. प्रत्येक फाइलीला तिची स्वतंत्र किल्ली असते. ती किल्ली दुसऱ्या पेटीत बंद असते. या पेटीच्या किल्ल्यांची जोडी असते : एक फक्त कुलूप लावते, दुसरी फक्त उघडते. ही उघडणारी, म्हणजे खासगी किल्ली तिसऱ्या पेटीत असते आणि ती पेटी ताईच्या पासवर्डाने उघडते. आता गंमत पाहा. फाइली 'डी'वर होत्या, पण तिसरी पेटी होती 'सी'वर, ताईच्या जुन्या खात्यात. फॉरमॅटमध्ये नेमकी तीच गेली!

नवे खाते त्याच नावाचे असले तरी संगणकाच्या दृष्टीने ती व्यक्ती निराळी असते. शाळेत एका नावाचे दोन विद्यार्थी असतात, पण त्यांचे रजिस्टर नंबर वेगळे असतात ना? तसेच हे. ॲडमिनिस्ट्रेटर होऊन फाइलींची मालकी आपल्याकडे घेतली तरी उपयोग नाही. मालकी म्हणजे दारावरची पाटी; पाटी बदलल्याने कुलूप उघडत नाही.

मग एकेक किल्ली लावून पाहिली तर? 2002 नंतरच्या विंडोजमध्ये फाइलीची किल्ली सामान्यतः शून्य आणि एक अशा 256 अंकांची असते. अशा शक्य किल्ल्यांची संख्या लिहायला 78 अंक लागतात. दर सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या तपासणारे यंत्र विश्वाच्या आरंभापासून, म्हणजे सुमारे 1380 कोटी वर्षे, अखंड चालले असते, तरी तपासलेल्या किल्ल्यांची संख्या 30 अंकीच भरली असती!

काही जण म्हणतात, "कंपनीने एखादा चोरदरवाजा ठेवायला हवा होता." मला हे पटत नाही. ऑगस्ट केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञाने 1883 सालीच सांगून ठेवले आहे, की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. सारी सुरक्षितता किल्लीत असावी. मालकाच्या विनवणीने जे कुलूप उघडते, ते चोराच्या विनवणीनेही उघडेल. ताईच्या फाइली उघडत नाहीत, याचा अर्थ कुलूप आपले काम चोख बजावत आहे. म्हणूनच दुसरी किल्ली जपण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

तेव्हा फाइलींना कुलूप लावल्याबरोबर प्रमाणपत्र आणि खासगी किल्ली यांची प्रत काढा. विंडोजमध्येच तशी सोय आहे. त्या प्रतीला पासवर्ड द्या आणि ती पेनड्राइव्हवर घेऊन संगणकापासून वेगळी ठेवा. संपूर्ण डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल, तर त्याचा 48 अंकी पुनःप्राप्ती क्रमांक कागदावर उतरवून घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवा.

आणि अपघात आधीच घडला असेल तर? त्या डिस्कवर नवे काही लिहू नका. 'विंडोज ओल्ड' नावाचा फोल्डर आहे का ते पाहा. त्यात जुन्या खात्याचे सामान शिल्लक असेल आणि जुना पासवर्ड आठवत असेल, तर जाणकार माणूस खासगी किल्ली परत मिळवू शकतो. परंतु ती किल्ली पुसली जाऊन तिच्या जागी दुसरे काही लिहिले गेले असेल आणि तिची प्रतही कोठे नसेल, तर "हमखास उघडून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देण्यात अर्थ नाही.

शाळेत संगणकाच्या तासाला पासवर्ड कसा असावा हे शिकवतात, ते योग्यच आहे. पण किल्लीची प्रत काढणे, आणि त्या प्रतीने कुलूप खरोखर उघडते का हे पडताळून पाहणे, हाही एक प्रयोग प्रात्यक्षिकात असावा, असे माझे मत आहे. तो वहीत येईपर्यंत वाट कशाला पाहायची? एखादी बिनमहत्त्वाची फाइल घेऊन, गुरुजींच्या देखरेखीखाली, तुम्हीच तो करून पाहा.