पत्रिका जुळली, बियाणे कुठे आहे?



पंजाब, हरियाणा, राजस्थानच्या कपाशीची पाने मुरडणारा लीफ कर्ल रोग पांढरी माशी पसरवते. त्याच्या विषाणूवर आता संगणकात काम चालते. विषाणूचे प्रथिन कपाशीच्या कोणत्या प्रथिनाला चिकटेल, याचे गुण संगणक देतो. ती जोडी मोडली की रोग अडेल, हा हिशेब. हिशेब खोटा नाही. या विषाणूसोबत बीटासॅटेलाइट नावाचे बांडगूळ असते. त्याचे एक चिमुकले प्रथिन झाडाची बचावाची यंत्रणाच लुळी करते.

पण 36 गुण जुळले म्हणजे संसार झाला काय? जिवंत झाडात ती दोन प्रथिने एका वेळी, एका जागी भेटतात का, हे गुणांत दिसत नाही.

पाकिस्तानात 1990 च्या दशकात या रोगाने कापूस झोपवला. प्रतिकारक वाण आले, शेतात टिकले. 2001 मध्ये बुरेवाला भागात विषाणूने रूप बदलले आणि तेही आडवे पडले. तावून निघालेल्या वाणांची ही गत, मग पडद्यावरच्या जोडीची काय कथा?

आम्ही संगणकाच्या विरोधात नाही. शेकडो जोड्या चाळून चार हाती दिल्या तर वर्षे वाचतात. चाळणीला पीक म्हणू नका, एवढेच. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे केंद्र सिरशाला, रोगाच्या मुलखात आहे. तिथे माशीच्या तोंडी देऊन जोड्या तपासा, फसलेल्यांची यादीही छापा. आणि उद्या पाकिटावर 'विषाणूरोधक' छापण्याआधी ते शेत आम्हाला दाखवा.