भाव चढला की साहेब, पडला की जागतिक बाजार



निवडणूक आली की पारावर एकच चर्चा : दिल्लीच्या खुर्चीवर कोण बसला तर कापसाला भाव येईल? आम्ही शेतकी पदवीधर. रोपाला काय लागते ते कॉलेजात शिकलो, भावाला काय लागते ते तुमच्या कोरडवाहू रानात. पाऊस पंतप्रधान पाडत नाही. २०११ च्या सुरुवातीला जगात रुई पौंडाला दोन डॉलरवर गेली, तीही आपल्या कोणा पुढाऱ्याने चढवली नव्हती.

मग दिल्लीच्या हाती काहीच नाही? आहे. भाव पाडणे आहे. मार्च २०१२ मध्ये मनमोहन सिंग सरकारने कापसाची निर्यात बंद केली. ओरड झाली तेव्हा काही दिवसांत बंदी सैल करावी लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये मोदी सरकारने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले, आधी सप्टेंबरअखेर, मग डिसेंबरअखेरपर्यंत. नेमकी आपली वेचणी चालू, अन् परदेशी गाठींना दार सताड उघडे! त्याच हंगामाला लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर करणारा हातही हाच. पक्ष दोन, सही एकच.

कांदा भडकला त्या १९९८ मध्ये दिल्लीकरांनी आपले राज्य सरकार घालवले. कापूस पडला म्हणून आपण कोणते घालवले? आपण जात बघतो, फोटो बघतो, बटण दाबतो. (आमच्या घरातही वेगळे नाही.)

उमेदवार गावात आला की नेत्याचा फोटो बाजूला ठेवायला सांगा आणि विचारा : शुल्क उठले त्या दिवशी तुम्ही कुठे होता?