आधी गाऱ्हाणे, मग आरती

आज आषाढी एकादशी. आळंदी-देहूहून निघालेल्या पालख्या पंढरपुरी पोहोचल्या आहेत, आणि ज्यांना जाता आले नाही त्यांनी घरीच उपवास धरला आहे. मनाला शांती हवी, हे मागणे आज कोणाचे नाही? पेरणी करून आभाळाकडे पाहणाऱ्याचे आहे, निकालाची वाट पाहणाऱ्या पोराचे आहे, भरल्या घरात एकट्या पडलेल्या म्हाताऱ्याचेही आहे. ती मिळावी म्हणून आपण बहुधा दार लावून घेतो. चार दिवस कोणी भेटू नये, कोणाचे काही ऐकावे लागू नये, म्हणजे मन निवेल असे वाटते. वारकऱ्यांचा अनुभव वेगळा आहे.

ज्ञानेश्वर माउलींची पालखी संध्याकाळी तळावर आली की समाजआरती होते. दिंड्या पालखीभोवती गोलाकार उभ्या राहतात. टाळांचा असा कल्लोळ चाललेला असतो की शेजारच्याचे बोलणे कानी पडत नाही. मग चोपदार दंड उंचावतात आणि क्षणात सगळा तळ चिडीचूप होतो. एखाद्या दिंडीचे टाळ मात्र वाजतच राहतात. त्यांना पाणी मिळालेले नसते, नाहीतर चालण्याच्या क्रमावरून काही बिनसलेले असते. टाळ न थांबवणे हीच त्यांची तक्रार. चोपदार त्या दिंडीपाशी जातात, म्हणणे ऐकतात, तोडगा निघतो, टाळ थांबतात. हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात. हे सगळे झाल्यावर आरती. एवढा मोठा जमाव धाकाने गप्प झाला नसता. आपले गाऱ्हाणे ऐकून घेतले जाईल हा भरवसा प्रत्येकाला असतो, म्हणून तो गप्प होतो.

मनातही असाच एखादा टाळ वाजत असतो. भावाशी तुटलेले बोलणे, आईला द्यायचा राहून गेलेला वेळ, कोणाच्या तरी तोंडचा घास काढून घेतल्याची बोच. आत्मचिंतन म्हणजे त्या आवाजापाशी जाऊन तो नीट ऐकणे. स्वतःला झोडपत बसणाऱ्याला ते साधत नाही. त्याला स्वतःविषयीही थोडी माया लागते.

ज्ञानेश्वरांसारख्यालाही ती माया बाहेरून घ्यावी लागली. लोकांच्या बोलण्याने व्यथित होऊन ते झोपडीची ताटी लावून आत बसले, आणि धाकट्या मुक्ताईने बाहेरून त्यांची समजूत घातली, असे परंपरा सांगते. या कथेत आम्हाला मोलाचे वाटते ते हे की योगी आत होता आणि शांतीचा मार्ग बाहेर उभ्या असलेल्या बहिणीला ठाऊक होता. तीच माया त्यांच्या मागण्यातही दिसते. नेवाशात 1290 साली ज्ञानेश्वरी पूर्ण झाली तेव्हा ज्ञानेश्वरांनी पसायदान मागितले. त्यात दुष्टांचा नाश त्यांनी मागितला नाही. दुष्टांमधला दुष्टपणा जावा आणि जीवाजीवांत मैत्र जडावे, असे मागितले.

तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतात बसत, हे सर्वांना माहीत आहे. त्याआधीची गोष्ट कमी सांगितली जाते. दुष्काळाने घर उद्ध्वस्त झाले होते, पहिली पत्नी गेली होती. सावकारीची खते घरात होती. त्यांतला धाकट्या भावाचा, कान्होबांचा, वाटा तुकोबांनी त्याला दिला आणि आपला वाटा इंद्रायणीत सोडला. लोकांकडून आपले येणे होते ते संपवले. डोंगरावरचे चिंतन आणि नदीत बुडालेली ती खते आम्हाला वेगळी काढता येत नाहीत. लोकांकडचे येणे तसेच ठेवून डोंगर चढता आला असता, पण त्या चढण्याला अर्थ उरला नसता.

पंढरपुरात नामदेव पायरीजवळ संत चोखोबांची समाधी आहे, मंदिराच्या बाहेर; जातीमुळे त्यांना आत प्रवेश नव्हता. साने गुरुजींनी 1 मे 1947 रोजी याच गावात उपोषण सुरू केले, ते विठ्ठलाचे दार दलितांना उघडावे म्हणून. इतका हळवा, आपल्या चुका आठवून रडणारा माणूस. पण दाराबाहेर माणसे उभी असताना आतल्या देवापुढे त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. मंदिर उघडले. महाराष्ट्राच्या अध्यात्मातला तो फार मोठा दिवस आहे, आणि आषाढीला त्याची आठवण आणखी मोठ्याने व्हायला हवी.

पौर्णिमेचा काला झाला की पालख्या परतीला लागतील. वारकरी गावोगाव पोहोचतील. चुरमुरे, बत्तासे, बुक्का घरोघरी वाटला जाईल. ज्या घराशी बांधावरून, वाटणीवरून किंवा जुन्या एखाद्या शब्दावरून तुमचे बोलणे तुटले आहे, त्या घरी यंदा हा प्रसाद सर्वांत आधी न्या. तेथे काही ऐकून घ्यावे लागले, तर शेवटपर्यंत ऐका.