सुविचाराच्या फळ्याची डागडुजी

शाळेच्या दर्शनी भागात खडूने लिहिलेला सुविचार वाचला नाही, असा मराठी माणूस विरळाच. पिंपरी-चिंचवडकरांना तर हा फळा शाळा सुटल्यावरही सोडत नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पुढे आकुर्डी, भोसरी, चाकण असा कारखान्यांचा पट्टा पसरत गेला. पहिल्या पाळीला आत शिरणाऱ्या कामगाराला सुरक्षिततेच्या सूचनेशेजारी एखादे बोधवाक्य भेटते. ओळी दोनच, पण पाळीभर डोक्यात घोळत राहतात.

संगणकालाही असाच एक फळा आहे, हे मला बँकेतून निवृत्त झाल्यावर कळले. त्या प्रोग्रॅमचे नाव ‘फॉर्च्यून’. १९७९ सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत तो आला. पुढे केन अर्नोल्ड यांनी लिहिलेला प्रोग्रॅम बर्कले विद्यापीठाच्या युनिक्समधून जगभर पोचला. काम एवढेच, की साठवलेल्या वचनांतून चिठ्ठी काढल्यासारखे एक उचलायचे आणि पडद्यावर दाखवायचे. तो मुक्त आहे. म्हणजे त्याची आतली मांडणी कुणीही वाचावी, दुरुस्त करावी आणि ती दुरुस्ती चार जणांना वाटावी.

आमच्या सोसायटीतला एक तरुण चाकणला नोकरी करतो. त्याने हौसेने घरच्या संगणकावर हा प्रोग्रॅम बसवला आणि आजीकडून ऐकलेल्या म्हणी व उखाणे त्यात भरले. ‘फक्त छोटी वचने दाखव’ असे फर्मावले, की इंग्रजी वाक्ये भराभर येत, आखूड म्हणीही येत; पण आजीचे दोन ओळींचे उखाणे काही केल्या येईनात. आजी म्हणाली, “माझेच बरे याला जड झाले!”

आजीचे खरेच होते. प्रोग्रॅममध्ये ‘छोटे’ म्हणजे १६० पर्यंत, असे ठरलेले आहे. मात्र तो मोजतो अक्षरे नव्हे, बाइट. म्हणजे साठवणुकीचे माप. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. आज सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन लागतात. मात्रा आणि अनुस्वारही वेगळे धरले जातात. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ घ्या. खुणा १७, त्यांचे बाइट ५१, मधल्या मोकळ्या जागा ३, एकूण ५४. मी वहीत बेरीज करून ताळा पाहिला. म्हणजे इंग्रजीला १६० अक्षरांची मुभा आणि मराठीला जेमतेम पन्नास-पंचावन्न खुणांची.

इथे कुणाचा दुष्टावा नाही. प्रोग्रॅम लिहिला गेला तेव्हा यूटीएफ-८ जन्मलेही नव्हते; ते १९९२ चे. आपल्याकडच्या १९९१ च्या ‘इस्की’ या भारतीय मानकात तर देवनागरीच्या खुणेलाही एकच बाइट लागे. पण हेतू निर्मळ असला तरी मापात खोट राहते, आणि ती खोट ओरडून सांगत नाही. उखाणा नाकारला जात नाही, तो नुसता येत नाही. एखादी भाषा मागे पडते ती बहुधा अशीच, गाजावाजा न होता.

यावर झटपट तोड आहे. मर्यादा १६० ची ४८० करून टाकायची. पण मग इंग्रजीचे लांबलचक परिच्छेदही ‘छोटे’ म्हणून आत घुसतात. खरी दुरुस्ती एकच, बाइट सोडून खुणा मोजायच्या. त्या तरुणाने चार रविवार खर्चून ती केली. मराठीला सवलत नको होती. तराजू सारखा हवा होता.

सगळे मोडून नवे का केले नाही, असे काही जण विचारतील. जुन्या प्रोग्रॅमचे बाकीचे काम चोख होते. भोसरीच्या शेडमधला जाणता कारागीरही बेअरिंग वाजू लागले म्हणून अख्खे यंत्र भंगारात घालत नाही.

राहता राहिली वचनांची शहानिशा. आज मोबाइलवर व. पु. काळे, पु. ल. देशपांडे यांच्या नावावर त्यांनी कधी न लिहिलेली वाक्ये बिनदिक्कत फिरतात. बँकेत व्हाउचरशिवाय नोंद होत नसे. म्हणून आम्ही नियम केला की वचनाखाली पुस्तकाचे नाव आणि पान हवे. ते नसेल तर थोरामोठ्यांचे नाव लावायचे नाही. घरात ऐकलेले असेल, तर सरळ ‘आजीकडून’ असे लिहायचे. त्यात कमीपणा कसला?

वाचकहो, आपापल्या घरातल्या म्हणी, उखाणे, वाक्प्रचार एका वहीत उतरवा. कुणाकडून ऐकले, कोणत्या गावचे, तेही लिहा. संगणकात भरणारे हात पुष्कळ आहेत. सांगणारी तोंडे मात्र दर वर्षी कमी होताहेत, आणि ती दुरुस्ती कोणत्याही प्रोग्रॅमला जमणारी नाही.