पेंटर कोण?

रंगाच्या दुकानात मी 20 लिटरची बादली मागितली, तर दुकानदारानं माझ्या खांद्यावरून मागं बघितलं. मागं फक्त माझी स्कूटर उभी होती.

"पेंटर कोण आहे, मॅडम?"

"मीच."

"तसं नाही, भिंतीला रंग कोण मारणार?"

"मीच म्हणते ना."

त्यानं हातातलं पेन खाली ठेवलं. "असं करा, साहेबांना पाठवून द्या."

साहेब, म्हणजे आमचे हे, शिडीच्या दुसऱ्या पायरीवर डोळे मिटतात. घर बाहेरून आपणच रंगवायचं ही दुर्बुद्धी सुचली ती कंत्राटदाराचा आकडा ऐकून. तो आकडा ऐकताच सासूबाईंनी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं होतं.

हिशेब असा. घराचा घेर 130 फूट, उंची 11 फूट, दारं-खिडक्या वजा जाता साधारण 1250 चौरस फूट भिंत. लिटरभर रंगात दोन हात मिळून पन्नासेक चौरस फूट निघतात, म्हणजे 25 लिटर. चुना सगळ्यांत स्वस्त आणि भिंतीतली ओल बाहेर जाऊ देणारा, पण साताऱ्याच्या पावसानंतर तो जवळजवळ दरवर्षी द्यावा लागणार. सिमेंट पेंटची भुकटी पाण्यात कालवायची, दोनेक तासांत संपवायची आणि नंतर दोन दिवस भिंतीवर पाणी मारत बसायचं. आमच्या गल्लीत नळाला पाणी किती वेळ असतं, यावर मी इथं चार लेख लिहिलेत. राहिलं ॲक्रिलिक इमल्शन. तेच घेतलं. झाला हिशेब.

रंग मारणं दोन दिवसांचं, पण खरवडणं नऊ दिवसांचं, हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं. तळहात भिंतीवर फिरवायचा. तो पांढरा झाला तर जुना रंग भुकटी सोडतोय असं समजायचं, आणि त्यावर तसंच इमल्शन मारलं तर ते पहिल्या पावसाळ्यात भाजलेल्या पापडासारखं सुटून येतं. माझा तळहात खडू पुसल्यासारखा झाला. पश्चिमेच्या भिंतीवर पावसाची झड थेट आपटते, तिथं शेवाळाची काळी-हिरवी नक्षी. वायर ब्रशनं घासून खांदा निखळायला आला. रात्री प्लॅस्टिकचा एक तुकडा चिकटपट्टीनं चारी बाजूंनी भिंतीला लावून ठेवला. सकाळी त्याला आतून थेंब. म्हणजे भिंत अजून ओली, म्हणजे आणखी आठवडाभर थांबा.

सासूबाई अंगणात खुर्ची टाकून खरवडणं बघत बसायच्या. पिवळ्याखालून पिस्ता निघाला. "हा तुमच्या लग्नाचा," त्या म्हणाल्या. पिस्त्याखाली निळसर चुना दिसला, तेव्हा बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "नीळ हेच घालायचे. मी रोज सांगायचे, जास्त होतेय." मामंजींना जाऊन पंधरा वर्षं झाली. तेवढा हातभर तुकडा मी त्या दिवशी खरवडला नाही, दुसऱ्या दिवशी खरवडला.

शेडकार्डावरून झालेलं भांडण वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण थोडक्यात सांगते. ह्यांना राखाडी हवा होता. सध्या गावात नवा उठणारा प्रत्येक बंगला राखाडी असतो. आमच्या लहानपणी राखाडी घर म्हणजे प्लॅस्टर झालं आणि पैसे संपले. आता तोच रंग पैसे मोजून लावून घेतात. सासूबाईंनी शेडकार्ड चष्म्याजवळ धरून पाहिलं आणि परत दिलं. त्यांचे रंग त्या कार्डावर नव्हतेच. अबोली, मोतिया, आमसुली, डाळिंबी, चिंतामणी, शेवाळी. निम्मे रंग स्वयंपाकघरातले, निम्मे लुगड्याच्या दुकानातले. कार्डावर नुसते आकडे आणि इंग्रजी कवितेच्या ओळी वाटाव्यात अशी नावं. शेवटी मोतिया ठरला. दुकानदारासाठी त्याचा चार आकडी नंबर शोधायला आम्हाला पाऊण तास लागला.

समोरच्या तात्यांनी हरकत घेतली ती वेगळीच. "वहिनी, पिवळ्याचा मोतिया करताय, पण आमचा पत्ता 'पिवळ्या घरासमोर' असा आहे. गॅसवाल्याला तेच माहीत, पुण्याच्या पाव्हण्यांना तेच माहीत. मागची तरी एक भिंत राहू द्या." मागची भिंत तशी बरी होती आणि माझा खांदा गेला होता, त्यामुळं तात्यांचं म्हणणं मला तूर्त पटलं.

सांगायचं होतं ते बादलीबद्दल. पूर्वी रंगाच्या डब्यात टोकन निघायचं. ते पेंटरनं दुकानात द्यायचं आणि पैसे घ्यायचे. म्हणून तर पेंटर आपल्याला अमुकच कंपनीचा रंग घ्या म्हणून गळ घालायचा, आणि म्हणूनच दुकानदाराला आधी पेंटर कोण ते हवं असतं. आता टोकनाच्या जागी मोबाईलवर स्कॅन करायचा कोड आला. पैसे मी मोजले, रंग मी मारणार, मग तो कोड कुणाचा? मी रीतसर पेंटर म्हणून नाव नोंदवायला बसले. अनुभव किती वर्षांचा? शून्य. हाताखाली माणसं किती? एक, शिडी धरण्यापुरती, डोळे मिटून. अर्ज पुढं सरकेना. एशियन पेंट्ससाठी आर. के. लक्ष्मण यांनी 1954 साली तो गट्टू काढला, डोळ्यावर केसांची झुलपं आलेला, हातात ब्रश नि डबा घेतलेला द्वाड पोर. त्या शेंबड्याच्या हातात अख्ख्या देशानं ब्रश दिला. त्याला कोणी अनुभव विचारला होता?

असो. दोन्ही बादल्या एकत्र ढवळून घेतल्या, नाहीतर एका भिंतीवर दोन मोतिये दिसतात. सकाळी पश्चिमेची भिंत, दुपारनंतर पूर्वेची, कारण तापलेल्या भिंतीवर रंग ब्रशखालीच वाळतो. दर्शनी भिंतीचा दुसरा हात चालू होता. मी शिडीवर, डोक्याला ह्यांचा जुना टॉवेल, अंगात त्यांचाच शर्ट. एक कुरिअरवाला पोरगा गल्लीत दोन फेऱ्या मारून थांबला.

"ओ मावशी, इथं पिवळं घर होतं ना?"

"मागच्या बाजूनं बघ, तिकडं अजून आहे."

तो मागं जाऊन आला. "आहे. पण मॅडम कुठंयत?"

मी हात पुसून खाली उतरले आणि पाकीट घेतलं. त्यानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं, मोबाईलवर काहीतरी टाकलं आणि निघून गेला. दोन मिनिटांत मला मेसेज आला. पार्सल पोचलं. स्वीकारणाऱ्याचं नाव: पेंटर.

तो मेसेज मी पुसलेला नाही. मागच्या भिंतीसाठी प्रायमर आणायला रविवारी त्याच दुकानात जायचंय.